किडुकमिडुकाची वाटणी

"आधी जातवार लावा," तानूआत्या म्हणाल्या. "खिळ्यात खिळे, बटणात बटणं. मग वाटे घाला. मुठीमुठीनं वाटलं की भांडणं लागतात."

सोप्यात चादर अंथरली होती आणि तिच्यावर सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीतला, फडताळातला आणि देवळ्यांतल्या डब्यांतला सगळा किडुकमिडुक संसार ओतला होता. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी धाकटी जाऊ सिंधू, आणि मध्ये पाटावर तानूआत्या. आत्या म्हणजे आमच्या मालकांची सख्खी आत्या, कवठ्याहून सकाळच्या एसटीनं खास वाटणीसाठी आलेल्या. त्यांनी आल्या आल्या ढिगातला अडकित्ता उचलला आणि सुपारी कातरायला बसल्या. अडकित्ताही वाटणीतलाच होता, पण तो मागायची आमची दोघींचीही छाती झाली नाही.

तासगावची गोष्ट ही, चाळीस वर्षं होत आली. सासूबाईंना जाऊन वर्ष उलटून चार महिने झाले होते. माझे धाकटे दीर विलासभाऊजी यांना मिरजेला नोकरी लागली, तिथं घर मिळालं, आणि चुली वेगळ्या करायचं ठरलं. पुरुषांनी आदल्या दिवशी रान, हंडे, पलंग अर्ध्या तासात वाटून टाकले आणि 'बारीकसारीक तेवढं तुम्ही बायका बघून घ्या' म्हणून मोकळे झाले. त्यांना वाटतं संसार म्हणजे हंडे आणि पलंग. नाडी ओवायची काडी सापडली नाही की मग बोंबलत घरभर फिरतात. दुपारी चारला सामानाचा टेम्पो येणार होता, त्याच्या आत आम्हाला हे सगळं उरकायचं होतं.

आमच्याकडची रीत अशी की थोरलीनं वाटे घालायचे आणि धाकटीनं पहिला उचलायचा. वाटे घालताना धाकटीनं तिथं थांबायचं नाही. म्हणजे थोरलीला लबाडी करायला वाव राहत नाही, कारण चांगला वाटा धाकटीच उचलणार. ही रीत ज्यानं काढली तो आमच्या घराण्याला चांगलाच ओळखून असणार.

खरं सांगायचं तर सिंधू आणि मी चार महिने धड बोलत नव्हतो. 'दूध उतू चाललंय', 'पाणी आलंय', एवढं बोलायचो, तेही भिंतीकडं बघून. चूक माझीच होती. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला घर पाहुण्यांनी भरलेलं, माझी दोन्ही पोरं तापानं फणफणलेली, आणि सिंधू आपली नीटनेटकी वेणी घालून स्वयंपाकघरात आली. माझं डोकंच फिरलं. चार बायकांदेखत मी म्हणाले, "तुला काय गं, मूल ना बाळ. वेळच वेळ." तिच्या लग्नाला तेव्हा दहा वर्षं झाली होती. तिनं भाताची परात उचलली आणि पंगतीला वाढायला गेली. मला संध्याकाळीच वाईट वाटलं, पण माफी मागायची म्हटलं की माझी जीभ जड होते. आज मागू, उद्या मागू करता करता वाटणीचा दिवस उजाडला.

तर आम्ही जातवार लावत बसलो. सासूबाई काही म्हणता काही टाकायच्या नाहीत. स्टोच्या पिना, जुन्या वाती, कंदिलाची फिरकी, एका पायाचं जोडवं, दाभण, कानकोरणं, चष्म्याची एक काडी, तीन कात्र्या आणि त्यातली एकच कापणारी. सुयांची गादी निघाली, तिच्यातल्या सगळ्या सुया ओवलेल्या. सासूबाईंचे हात कापायचे, त्यांना सुई ओवता यायची नाही. म्हणून आम्ही जावा दर सोमवारी त्यांच्या सगळ्या सुया ओवून ठेवायचो. त्या गेल्यावरही सुया तशाच राहिल्या होत्या.

"ह्या ओवलेल्या कुणी?" आत्यांनी विचारलं.

"पांढऱ्या दोऱ्याच्या मी," सिंधू आत्यांना म्हणाली. "काळ्या दोऱ्याच्या त्यांनी."

त्या म्हणजे मी. नाव घ्यायचं नव्हतं ना तिला.

मग मी डालड्याचा मोठा डबा ओतला. आत सगळ्या किल्ल्या. कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या. 

"अगं बाई, एवढ्या किल्ल्या," आत्या म्हणाल्या, "आणि घराला कुलूप म्हणाल तर एक. तेही ढकललं की उघडतंय."

त्या किल्ल्यांच्या खणखणाटात एक वस्तू गडगडत माझ्या गुडघ्यापाशी आली. मी बघितलं आणि माझा हात आपोआप पदराकडं गेला. पदर सावरल्यासारखं करून मी ती वस्तू झाकली.

ते बोंडलं होतं. तान्ह्या लेकराला दूध पाजायचं चोचीचं भांडं. आता कुणाकडं नसतं, सगळ्यांच्या बाटल्या झाल्या. चांदीचंही नव्हे, जर्मन सिल्व्हरचं, एका अंगाला पोचा आलेलं. कुणी रस्त्यात टाकलं तर कुणी उचलणार नाही असं.

माझा पहिला मुलगा मुकुंदा त्या बोंडल्यावर वाढला. तो चार महिन्यांचा असताना मला विषमज्वर झाला. आधी दवाखान्यात आणि मग ताकद यावी म्हणून माहेरी, मिळून अडीच महिने मी त्याच्यापासून लांब होते. माझं दूध आटलं. घरातल्यांनी त्याला बोंडल्यानं पाजलं. मी परत आले तेव्हा पोरगं चांगलं गुटगुटीत झालं होतं आणि मला बघून रडत होतं. पण अकरा महिन्यांचा झाला आणि जुलाबाचं निमित्त होऊन दोन दिवसांत गेला. लहान लेकराचं मागं काही ठेवू नये म्हणतात. सासूबाईंनी त्याची झबली, दुपटी, पाळण्यावरचं चिमणाळं, सगळं बांधून येरळा नदीला सोडलं. फोटो काढलेला नव्हता. नंतर मला दोन मुलं झाली, देवाच्या दयेनं चांगली आहेत. घरात मुकुंदाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, मीही काढलं नाही. आणि नऊ वर्षांनी त्याची ही एवढी एकच वस्तू किल्ल्यांच्या डब्यातनं माझ्या गुडघ्यापाशी आली.

ते मला पाहिजे होतं. दुसरं काहीही नको होतं.

मागितलं असतं तर झालं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण जिला मी 'मूल ना बाळ' म्हणाले तिच्यापुढं हात पसरून 'माझ्या बाळाचं बोंडलं दे' म्हणू? शिवाय आत्या विचारणार, कशाला, मग मुकुंदाचं नाव निघणार. वाटे तर मीच घालणार होते. म्हटलं, डोकं चालवू.

"झालं जातवार," आत्या म्हणाल्या. "सिंधू, तू आत जा. थोरले, घाल वाटे."

सिंधू उठली आणि आपल्या खोलीत सामान बांधायला गेली. मी चादरीच्या उजवीकडं चांगलं चांगलं घालायला सुरुवात केली. कापणारी कात्री, पितळी कुलूप किल्लीसकट, बॅटरी, सुयांची गादी, नव्या बटणांची पुडी, मोजपट्टी, पितळी समईची फिरकी, छोटा खलबत्ता. डावीकडं उरलासुरला गाळ. मोडकी चिमटी, गंजके खिळे, वाती, सुतळीची गुंडी, आणि किल्ल्यांचा डबा. आत्या सुपारी तोंडात टाकायला वर बघत होत्या, तेवढ्यात मी बोंडलं डब्याच्या तळाशी सारलं आणि वरनं किल्ल्या ओतल्या.

सिंधूला वस्तूंची आवड. घासूनपुसून रांगेत लावून ठेवायची. ती कात्री आणि खलबत्ता सोडून गंजके खिळे उचलेल, हे स्वप्नातसुद्धा शक्य नव्हतं.

आत्यांनी दोन्ही वाट्यांवरून नजर फिरवली. "शालन, वाटे सारखे दिसत नाहीत गं."

"असू दे आत्या. नव्या घरी चाललीय. तिला लागेल."

"तुझं तू बघ," त्या म्हणाल्या आणि सिंधूला हाक मारली.

सिंधू आली. पदरानं हात पुसत उभी राहिली. उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. मी उगाच चादरीची सुरकुती काढली.

ती खाली बसली आणि डावा वाटा पुढ्यात ओढला.

"अगं," आत्या म्हणाल्या, "बघून उचल की. त्यात काय आहे? बिनकुलपाच्या किल्ल्या."

"बघूनच उचललाय," सिंधू म्हणाली. "चांगलं चांगलं सगळं अक्कांनी माझ्यासाठी एका बाजूला काढलंय, मला काय दिसत नाही का? थोरल्या म्हणून दर वेळी त्यांनीच का सोसायचं? तो वाटा त्यांना राहू दे."

आत्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. "तुमच्या सासूनं हे बघायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. आमचे हे दारात येऊन उभे होते, त्यांनीही ऐकलं. माझ्याकडं असं बघत होते की जणू मी घराण्याचं नाव काढलं. 'हिनं मनातलं सगळं धुऊन टाकलं हो,' असं जेवताना भाऊजींना सांगतही होते.

मी चुलीपुढं भाकरी थापत ते ऐकत होते. मागायची वाट मी स्वतःच्या हातानं बुजवली होती. आता 'त्या डब्यातलं बोंडलं दे' म्हणायचं म्हणजे मी चांगला वाटा तिच्यासाठी नव्हे, माझ्या स्वार्थासाठी काढला होता हे चारचौघांत कबूल करायचं. लबाडी करून मिळालेला मोठेपणा मला गिळवेना आणि थुंकवेना. तीन वाजले. सोप्यात सिंधूची गाठोडी रचायला लागली होती. एकदा टेम्पो हलला की बोंडलं गेलं, आणि मिरजेला जाऊन ते मागायचं कुठल्या तोंडानं?

शेवटी मी हात धुतले आणि तिच्या खोलीत गेले. ती ट्रंकेत लुगडी भरत होती. किल्ल्यांचा डबा खिडकीत होता.

"सिंधू," मी म्हणाले, "त्या डब्यात माझ्या कपाटाची किल्ली गेली असेल बघ. जरा बघू का?"

"बघा की."

मी डबा खाली घेतला. हात घालून किल्ल्या चाळवल्या. मग पलंगावर ओतल्या. किल्ल्या, किल्ल्या, एक वॉशर आणि पुन्हा किल्ल्या. बोंडलं नव्हतं. मी डब्याच्या तळावर थाप मारून बघितली.

"सापडली का किल्ली?" सिंधूनं विचारलं.

"नाही."

"किल्ली नाहीच तुम्ही शोधत."

 ती हातातलं लुगडं घडी करत राहिली, घडी झाल्यावर तिनं ते ट्रंकेत नीट ठेवलं आणि मग माझ्याकडं वळली.

"डबा ओतला तेव्हाच बघितलं मी. तुम्ही पदराखाली घेतलंत. मग वाटे बघितले. चांगलं सगळं एकीकडं लोटलेलं. म्हणजे बोंडलं दुसरीकडं असणार, एवढं न कळायला मी काय काल आले का ह्या घरात?"

"मग बाहेर तसं का बोललीस? अक्कांनी माझ्यासाठी काढलं म्हणून?"

"दुसरं काय बोलणार? खरं सांगू आत्यांना? दोन्ही जावा लबाड आहेत म्हणून?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रागही आला. "अगं, मग कळत होतं तर घेतलंस कशाला? ते माझ्या मुकुंदाचं आहे."

नऊ वर्षांनी ते नाव माझ्या तोंडातनं आलं आणि ते असं, भांडताना.

सिंधू पलंगाच्या कडेला टेकली. "तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा त्याला कोण पाजायचं, ठाऊक आहे तुम्हाला?"

"सासूबाई."

"सासूबाईंचे हात कापायचे, अक्का. साधी सुई ओवता येत नव्हती. बोंडलं धरलं की दूध त्याच्या नाकात जायचं. पहिल्या दिवशी ठसका लागून तो निळा पडला, तेव्हा त्यांनी त्याला माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाल्या, आता तूच. लग्नाला तीन महिने झाले होते माझ्या. तान्हं पोर कसं धरायचं हेसुद्धा माहीत नव्हतं. तो पोचा आहे ना त्याला, तो माझ्या हातनं पडला. अडीच महिने दिवसातनं सहा वेळा पाजलं मी त्याला. तुम्ही आलात आणि सासूबाईंनी तो तुमच्या मांडीवर दिला. बरोबरच होतं ते. तुमचाच होता."

मला तो दिवस आठवला. मुकुंदा माझ्याकडं बघून रडत होता, आणि हात पसरून दाराकडं झेपावत होता. दारात कोण उभं होतं ते मी तेव्हा बघितलंच नव्हतं. आजारातनं उठलेलं माणूस, मला आपलं वाटलं पोरगं मला विसरलं. पुढं सुया ओवताना दर सोमवारी सासूबाईंचे हात मी बघत होते, तरी कधी डोक्यात आलं नाही.

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत."

खोटं काय होतं त्यात. मी बसले पलंगावर, किल्ल्यांच्या शेजारी.

"तुम्हाला नंतर दोन झाली," सिंधू म्हणाली. तिच्या आवाजात रागबिग काही नव्हता, वाणसामानाची यादी सांगावी तसं सांगत होती. "मला तेवढाच झाला."

मला रडू आलं. कधी नव्हे ते तिच्यासमोर आलं, आणि मी ते पुसलंही नाही. "त्या दिवशी श्राद्धाला मी तुला जे बोलले..."

"बोललात. मी ते विसरायची नाही. उगाच विसरले म्हणून कशाला सांगू?" तिनं नाक ओढलं. "पण आता म्हणालात, तेवढं बरं झालं."

मग तिनं ट्रंकेतली लुगडी एका हातानं उचलली आणि अगदी तळातनं एक पुडकं काढलं. सोडलं. आत बोंडलं होतं, आणि ते ज्यात गुंडाळलं होतं ते पिवळ्या फ्लॅनेलचं टोपडं होतं, कानावर लाल गोंडा. माझ्या आईनं हातानं शिवलेलं. मी आधी गोंड्याला बोट लावून बघितलं.

"हे येरळेला गेलं होतं," मी म्हणाले.

"गाठोडं बांधायला सासूबाईंनी मलाच सांगितलं होतं. बांधताना मी एवढं काढून घेतलं. नऊ वर्षं ह्याच ट्रंकेत आहे. ह्यांनासुद्धा माहीत नाही."

बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला. भाऊजींनी 'अगं ए, आवरलं का?' म्हणून हाक मारली.  सिंधूनं पलंगावरच्या किल्ल्या बाजूला सारल्या, चादरीचा एक चौकोन मोकळा केला आणि त्याच्यावर एकीकडं बोंडलं ठेवलं, हातभर अंतर सोडून दुसरीकडं टोपडं ठेवलं.

"आता वाटे मी घातलेत," ती म्हणाली. "तुम्ही उचला."

आणि रीतीप्रमाणं ती खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

सकाळपासून मी ज्याच्यासाठी एवढी कारस्थानं केली ते माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. मी हात पुढं केला. बोंडल्याचा पोचा दिसत होता, बरोबर अंगठा बसेल असा. मी टोपडं उचललं.

"झालं," मी म्हणाले.

ती वळली. काय उरलंय ते बघितलं, आणि बोंडलं उचलून, आता टोपडं नव्हतं म्हणून, स्वतःच्या रुमालात गुंडाळलं आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. आम्ही दोघींनी मिळून किल्ल्या डब्यात भरल्या. ट्रंकेचं झाकण फुगलं होतं, मी वर बसले तेव्हा तिला कडी लावता आली.

सोप्यात आत्या जायच्या तयारीनं पिशवी घेऊन बसल्या होत्या. सिंधू त्यांच्या पाया पडली, मग माझ्या पडली. मी टोपडं कमरेला खोचलेलं होतं, त्याच्यावरनं पदर घट्ट घेतला. टेम्पो गल्लीच्या वळणाला लागेपर्यंत आम्ही दारात उभ्या होतो.

मग आत्यांनी अडकित्ता माझ्या हातात दिला. "घे बाई, तुझ्या वाट्यातला." आणि माझ्या कमरेकडं बघत विचारलं, "वाटे सारखे झाले का गं शेवटी?"

"झाले, आत्या," मी म्हणाले.